परक्या कुळाची हाक

माझा भाऊ लिंदानी रोज जेवणानंतर एका मेलेल्या माणसाला घरी आणतो. जेवण लॉजच्या पाहुण्यांचं, आमचं नंतर, उरलं तर. पाहुणे बाकांवर बसतात, ढोल वाजतो आणि लिंदानी उम्फाफाची फांदी घेऊन अंगणात येतो. उम्फाफा हे बोरीच्याच जातीचं काटेरी झाड. आमच्यात माणूस घरापासून लांब मेला तर त्याचा आत्मा तिथंच बसून राहतो. घरच्या पुरुषानं तिथं जायचं, कुळाची नावं घेऊन हाक मारायची आणि त्याला फांदीवर बसवून आणायचं. वाटेत फांदीवाल्यानं जित्या माणसाशी चकार शब्द बोलायचा नाही. बोलायचं ते मेलेल्याशीच: आता नदी आली, आता फाटक आलं, सांभाळून या. झोपडीत मागच्या भिंतीशी पूर्वजांची जागा असते, तिला उमसामो म्हणतात. तिथं फांदी टेकवली की माणूस घरी पोचला.

लिंदानी ज्याला आणतो तो कधी जन्मलाच नव्हता. त्याचं नाव न्दलोवू, आणि ते ठेवलं मॅनेजर खुझवायोनं. न्दलोवू हे खरं कुळ आहे, चांगली मोठी माणसं आहेत त्यात. पण खुझवायोनं ते घेतलं कारण न्दलोवू म्हणजे हत्ती, आणि लॉजच्या पाटीवर, टॉवेलवर, साबणाच्या वडीवरसुद्धा हत्तीच आहे. "आपलं कुळ म्हलोंगो, ते का नको?" असं लिंदानीनं पहिल्या दिवशी विचारलं होतं. "पाहुण्यांची जीभ वळायला नको का?" खुझवायो म्हणाला. झालं. तेव्हापासून आमचा म्हलोंगो पोटातून आवाज काढून ओरडतो, "गाचेनी! बोया बेन्याथी!" ही न्दलोवूंची कुळनावं. बोया बेन्याथी म्हणजे रानरेड्याचे केस. पाहुण्यांना हे भाषांतर भलतंच आवडतं.

भाषांतर मी करते. मी खोन्झाफी, लिंदानीची थोरली बहीण. मी मणी ओवते, पाट्यावर मका दळून दाखवते आणि इंग्रजीत सगळं समजावते. आमच्या स्वतःच्या घरी दळलेल्या मक्याचं पोतं दुकानातून येतं, पण ते बघायला जर्मनीहून कोण येणार? क्वाझुलू-नातालला लोक येतात ते सकाळी गेंडे बघायला आणि दुपारी आम्हाला.

बाबा राखीव जंगलात कुंपणाच्या तारा दुरुस्त करायचे. तिथंच रानरेड्यानं त्यांना मारलं. ताडपत्रीत गुंडाळून देह घरी आला, गुरांच्या गोठ्याशेजारी आम्ही तो पुरला. पण आत्मा आणायला आम्हाला कुणी आत सोडेना. आधी म्हणाले, रेडा अजून तिथंच फिरतोय. मग म्हणाले, चौकशी चालू आहे. मग त्या बाजूला गेंडे आणून सोडले आणि शिकारचोरांच्या भीतीनं बाहेरच्या माणसांना बंदी झाली. ज्या दरीत आमच्या आजोबांची गुरं चरली त्या दरीत आम्ही बाहेरचे! दाताच्या कण्या केल्या मी. लिंदानीनंही केल्या. काही उपयोग झाला नाही.

नवरा गेला की आमच्यात बाई वर्षभर काळं घालते. लग्नकार्याला जात नाही, मोठ्यानं बोलत नाही, टॅक्सीत मागच्या बाकावर अंग चोरून बसते. वर्ष सरलं की न्हाऊन ते काळं जाळायचं. आमच्या मानं, आईनं, ते जाळलं नाही. शेजारणी आधी समजवायला आल्या, मग कुजबुजायला लागल्या की मान्क्षुमालो, म्हणजे आमची मा, जगावेगळं दुःख करतेय. मा त्यांच्या तोंडावर म्हणाली, "तो तिथं उघड्यावर बसलाय आणि मी इथं फुलाफुलांचं घालून मिरवू? तो घरी येईल त्या दिवशी उतरवीन. नाहीतर यातच पुरा मला."

मी पुन्हा खुझवायोकडं गेले. तो डर्बनचा, शिकलेला, वयानं माझ्याहून लहान, म्हणून मला सिसी म्हणतो, ताई.

"सिसी, माझ्या हातात असतं तर कधीच नेलं असतं," तो म्हणाला. "मी पण झुलूच आहे ना."

"मग कधीतरी झुलूसारखं वागा."

"तुला तोंड फार आहे. पाहुण्यांसमोर चालव ते."

सप्टेंबर आला. सप्टेंबर म्हणजे वारशाचा महिना. सगळीकडं झेंडे, मणी, कातडी. अशात एका दुपारी खुझवायो आपणहून आमच्याकडं आला. मी मका दळून दाखवत होते, पाहुणे नुकतेच उठले होते.

"जमतंय बघ तुमचं," तो म्हणाला. "नुसती तुमच्यासाठी गाडी सोडता येणार नाही. पण पाहुण्यांची सकाळची फेरी त्या बाजूनं वळवली तर? तुम्ही दोघं मागच्या बाकावर बसा. बंदूकवाला सोबत असेलच. पाहुणे गाडीतूनच बघतील, हूं की चूं करणार नाहीत. त्यांच्यासाठी पण केवढी गोष्ट आहे, सिसी! खरं!"

"खरं?" मी म्हटलं. "मग आम्ही रोज दुपारी दाखवतो ते काय?"

लिंदानीनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "आम्ही येतो, साहेब," तो म्हणाला. "उपकार झाले."

मला वाटलं होतं मा नको म्हणेल. पाहुण्यांसमोर, कॅमेऱ्यांसमोर, हे शोभतं का? मा म्हणाली, "माणसं बघू देत, माकडं बघू देत. तो येऊ दे." तिनं ट्रंक उघडून एक निळा झगा काढला आणि उन्हात टाकला. इतक्या दिवसांत मी तिला गुणगुणताना पहिल्यांदा ऐकलं.

लिंदानीनं त्या सकाळी बाबांचा कोट घातला. खेळात तो कातडी बांधतो, पट्टेरी, कारखान्यात छापलेली. गाडीत एका टोपीवाल्या पाहुण्यानं गाईडला हळूच विचारलं, "यानं आज वेष का नाही घातला?" गाईड म्हणाला, "आज खरं आहे, सर." पाहुण्याचा चेहरा जरासा पडला. मी मागच्या बाकावर बसून दात आवळले. आज भांडायचं नाही असं मी स्वतःला बजावलं होतं.

जागा म्हणजे काही नव्हतं. एक काटेरी झाड, सुकलेलं गवत, कुंपणाचा एक नवा खांब. बंदूकवाल्यानं बोट दाखवलं. "इथंच," तो म्हणाला आणि टोपी काढून बाजूला उभा राहिला. तेवढं त्यानं केलं, हे मी विसरणार नाही. लिंदानी फांदी घेऊन उतरला. झाडाखाली जाऊन तो थोडा वेळ नुसता उभा राहिला. त्याची मान खाली होती आणि बाबांच्या कोटात तो अगदी बारका दिसत होता. त्या वेळी सगळं नीट चाललं होतं.

मग गाईड पाहुण्यांकडं वळून कुजबुजला, "सुरू होतंय."

सगळे कॅमेरे वर झाले. कुणीतरी श्वास रोखला. आणि मी लिंदानीचे खांदे वर जाताना पाहिले. ते खांदे मी ओळखते. रोज दुपारी बघते. पाठ ताठ झाली, एक पाय पुढं आला, हनुवटी वर गेली. फांदी त्यानं जमिनीवर टेकवली, आणि पोटातून आवाज काढला.

"गाचेनी!"

मला वाटलं माझेच कान वाजले.

"बोया बेन्याथी! उठा. आम्ही न्यायला आलोय. घरी चला."

ज्या जागी रेड्यानं बापाला शिंगावर घेतलं त्या जागी पोरगा रेड्याच्या केसांना हाका मारत होता. आणि मग तो थांबला. का थांबला? माझ्या भाषांतरासाठी! रोज तो तिथं थांबतो आणि मी बोलते. टोपीवाला वळून माझ्याकडं बघायला लागला, काय म्हणाला ते सांगा म्हणून. मी सांगितलं नाही. शेवटी गाईडनंच सांगितलं, आणि पाहुण्यांमधून एक समाधानाचा हुंकार आला.

आमची कुळनावं माखेदामा, न्जोमाने. आम्ही चालायच्या आधी ती शिकतो. रडलो तर मा तीच म्हणून गप्प करायची, जेवलो तर त्याच नावांनी शाबासकी. लिंदानी ती विसरला नव्हता. फक्त फांदी हातात आली, बघणारे समोर आले की त्याच्या जिभेला एकच वाट माहीत होती, आणि ती जीभ बिनघोर त्या वाटेनं निघून गेली. त्याला स्वतःला पत्ताही नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्याच्या. खरं पाणी. खेळात तो कधी रडत नाही.

मी काय करायला हवं होतं? गाडीतून ओरडायला? फांदी जमिनीला टेकली होती, हाक गेली होती, आता त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. मध्येच तोडलं तर सगळंच गेलं, आणि पुन्हा इथं कोण येऊ देणार होतं? मी बंदूकवाल्याकडं पाहिलं. तोही झुलूच, त्यानंही ऐकलं होतं. तो शांत उभा होता. त्याला वाटलं असेल आम्ही न्दलोवूच.

परतताना लिंदानी कोटाच्या छातीशी फांदी धरून बसला होता. "गाचेनी, नदी आली," तो सांगत होता. "गाचेनी, धरून बसा, खड्डा आहे." पाहुणे हळू आवाजात बोलत होते, एक बाई डोळे पुसत होती. जंगलाच्या फाटकाशी आम्हाला उतरवून गाडी वळली. तिथून घर पायी. मी त्याच्यामागून चालत होते आणि मनात म्हणत होते, आता कुणी बघत नाही, आता ताळ्यावर येईल. माला बघितल्यावर येईल. वाटेत ओळखीची माणसं बाजूला होऊन मान खाली घालत होती, आणि लिंदानी त्या न जन्मलेल्या माणसाला आमच्या गावातून मिरवत आणत होता.

दारात सगळे जमले होते. ज्वारीची दारू तयार होती, बकरी खुंट्याला बांधली होती. मा आत गुडघ्यांवर बसली होती. निळा झगा तिनं घडी घालून ट्रंकेवर ठेवला होता; मला तो दारातून दिसला.

लिंदानी उंबऱ्याशी थांबला. "गाचेनी," तो मोठ्यानं म्हणाला, "घर आलं. आत या."

बाहेरची कुजबूज थांबली. मा उठली. तिचे गुडघे दुखतात, भिंतीला धरून उठावं लागतं, पण कुणी हात द्यायला पुढं झालं नाही. ती दाराशी आली.

"लिंदानी, कुणाला घेऊन आलास?"

तो बोलू शकत नव्हता. फांदी पुढं करून त्यानं उमसामोकडं मान हलवली.

"हे म्हलोंगोंचं घर आहे," मा म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "न्दलोवूंचं वर टेकडीपलीकडं. वाट चुकलेले दिसतात पाव्हणे. पोचव त्यांना."

तेव्हा त्याला कळलं. माझ्या भावाचा चेहरा उतरताना मी पाहिला, आणि तो मला पुन्हा बघायचा नाही. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "मा..." तो म्हणाला. जित्या माणसाशी बोलला. जे काही उरलं होतं ते तेवढ्या एका शब्दानं संपलं.

"काळ्यातली बाई आहे मी," मा म्हणाली. "परका पुरुष घरात घेऊन त्याला माझ्या नवऱ्याच्या जागी बसवू?" आणि तिनं दार लावून घेतलं.

लोक एकेक करून निघाले. दारू कुणी प्यायलं नाही. लिंदानीच्या हातातून फांदी गळून पडली तशी बांधलेल्या बकरीनं मान लांब केली आणि पानं ओरबाडून खाल्ली. बाबांसाठी तिला कापायचं होतं. तीच एक जेवली त्या दिवशी.

तो गोठ्याशी, बाबांच्या मातीजवळ जाऊन बसला. मी जवळ गेले. मला त्याला पोटाशी धरावंसं वाटत होतं आणि एक मुस्कटातही द्यावीशी वाटत होती.

"सिसी, तू मागं होतीस," तो म्हणाला. "का नाही बोललीस?"

"फांदीवाल्याशी बोलू नये. तूच रोज पाहुण्यांना ठणकावून सांगतोस."

"मी सांगत नाही. तू सांगतेस. मी नुसता ओरडतो."

हे खरंच होतं.

दोन दिवसांनी आम्ही खुझवायोसमोर उभे राहिलो. आम्ही तोंड उघडायच्या आधीच तो खुर्चीतून उठला. "रडले, सिसी! पाहुणे रडले! ती हॉलंडची बाई तर म्हणाली, सगळ्या प्रवासात एवढंच लक्षात राहील." मी त्याला काय घडलं ते सांगितलं. तो हसला नाही, हे कबूल करायला हवं. त्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "वाईट झालं. फार वाईट. पण पाहुण्यांच्या दृष्टीनं बघशील तर... आपल्याकडं सगळीकडं न्दलोवूच सांगितलंय ना, त्याला धरूनच झालं म्हणायचं."

"आम्हाला पुन्हा जाऊ द्या," लिंदानी म्हणाला.

"तेच तर सांगतोय! आता दर शनिवारी जायचंय. कार्यक्रमात घातलंय मी. सकाळची फेरी, तिथं थांबा, तू उतरायचं, हाक मारायची, तसंच सगळं. एखाद्या शनिवारी त्यातच तुमचंही उरकून घ्या की."

उरकून घ्या! माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण लिंदानीच बोलला, आणि इतक्या हळू बोलला की खुझवायोला पुढं वाकावं लागलं.

"तिथून गाडी गेंड्यांकडं जाते, साहेब. मग तळ्यावर चहा. मग माझ्याबरोबर फोटो. पाहुणे काय काय विचारतात, उत्तरं द्यावी लागतात. बाबांना हाक मारून उठवू आणि गेंडे दाखवायला नेऊ? चहाला बसवू?"

"मग तिथं हाक मारू नकोस त्यांना," खुझवायो म्हणाला. "सोपं आहे."

आणि तेच झालं. कारण हाक मारून उठवलेला आत्मा वाटेत सोडला तर तो मेल्या जागेचाही राहत नाही आणि घरचाही होत नाही. त्यापेक्षा झाडाखाली बसलेला बरा. नोकरी सोड म्हणणं सोपं आहे. मीही एकदा म्हटलं. इथं पुरुषाला दुसरं काम एकच मिळतं, कुंपणाच्या तारा दुरुस्त करायचं.

आता शनिवारी पहाटे लिंदानी तोंड धुताना पुटपुटत असतो: गाचेनी, गाचेनी, गाचेनी. पूर्वी कधी तालीम करत नव्हता. आता त्याला भीती वाटते की त्या झाडाखाली चुकून खरं नाव तोंडातून जाईल. संध्याकाळी घरी आला की मा चुलीपाशी बसूनच विचारते, "कसा आहे रे तो?" तो म्हणतो, "बरा आहे, मा." ती मान हलवते. तिच्या काळ्या झग्याला कोपरावर आता ठिगळ लागलंय, तेही काळंच. निळा झगा ट्रंकेत आहे की कुणाला देऊन टाकला, मी विचारलेलं नाही.

परवाच्या शनिवारी गाईड तापानं आजारी होता, म्हणून त्याच्याऐवजी मला पाठवलं. त्या दिवसानंतर मी तिकडं गेले नव्हते. गाडी झाडापाशी थांबली. लिंदानी छापील कातड्यात उतरला, पाठ ताठ केली, हाक मारली. उत्तम मारली. तो थांबला, मी भाषांतर केलं, रेड्याचे केस. पाहुण्यांनी हुंकार भरला. आणि माझ्या मनात पहिल्यांदाच आलं: नाव परकं आहे, पण आवाज तर पोराचा आहे. बापाला पोराचा आवाज कळणार नाही? दर शनिवारी तो ऐकत असेल. दर शनिवारी निम्मा उठत असेल, नाव ऐकून पुन्हा खाली बसत असेल. आणि एखाद्या शनिवारी नावाकडं दुर्लक्ष करून तो नुसत्या आवाजामागं निघाला तर?

माझ्या शेजारी एक म्हातारी पाहुणी बसली होती, पांढऱ्या केसांची, सभ्य. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि झाडाकडं बघत हळूच विचारलं, "खरं सांगा, तिथं कुणी आहे का?"

"नाही," मी इंग्रजीत म्हटलं. "तिथं कुणी नाही, बाई. हा नुसता खेळ आहे."

तिनं मान डोलावली. तिचं समाधान झालं.

बाबांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून मी तेच पुन्हा आमच्या भाषेत म्हटलं, झाडाकडं तोंड करून, मोठ्यानं, लिंदानीनं दचकून मागं वळून पाहावं इतक्या मोठ्यानं: तिथं कुणी नाही. हा नुसता खेळ आहे.